गुरुजींचं कुलूपबंद पुस्तक

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. एक नवा, सुनेनं आणलेला. दुसरा इतका जुना की त्याच्या पडद्याचा डबा टेबलावर मावत नाही, हातभर मागे लोंबतो. या जुन्याच्या पाठीत बोटाएवढी एक काळी वस्तू खोचलेली असते. तिला आम्ही चावी म्हणतो. ती खोचलेली असेल तरच माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं. काढली की मीच टाईप केलेलं पत्र मला ओळखू येत नाही. पडद्यावर नुसते आकडे, टिंबं आणि कुठल्या तरी परक्या मुलखातली अक्षरं.

ही चावी आली तेव्हा मी काय रुबाब केला होता! वर्ध्यात तेव्हा ती मोजक्याच दुकानांत होती. कोणी सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करू नये म्हणून कंपनीनं ते कुलूप घातलं होतं, आणि मला ते अगदी रास्त वाटायचं. मी घाम गाळून घेतलेली वस्तू दुसऱ्याला फुकट का मिळावी, असा माझा हिशेब. कुलूप सॉफ्टवेअरला नाही, माझ्या लिखाणाला लागलंय, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

कळलं ते पहिली चावी जळली तेव्हा. एका दुपारी लाईन वरखाली झाली, पंखा भेलकांडला, आणि चावी गेली. कंपनीनं मला नवी चावी विकली. नवी चावी जुन्या चावीवरचं काम उघडत नाही, हे सांगायला मात्र ते विसरले. मी फोनवर भांडले तर पलीकडचा माणूस म्हणाला, हे तुमच्या सुरक्षेसाठीच आहे. माझी सुरक्षा कोणापासून, माझ्यापासून? पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, आणि त्या दुसऱ्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर विकणंच बंद केलं. आता भांडायलाही कोणी उरलं नाही.

पहिल्या चावीवर मी हजार कामं केली असतील. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्यासाठी कोणी रडत नाही. पण त्यात गुरुजींचं पुस्तक होतं.

गुरुजी रोहण्याचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. एसटीनं आर्वीला यायचे, तिथून वर्ध्याला, आणि पिशवीतून एकेक वही काढून माझ्यापुढे ठेवायचे. त्यांच्या गावची आणि आसपासची जी माणसं छप्पन साली बौद्ध दीक्षेसाठी नागपूरला गेली होती, त्या म्हाताऱ्यांकडे बसून त्यांनी प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. पांढरं नेसून यायचं होतं, तर कोणी काय नेसलं, सोबत काय बांधून घेतलं, बैल कोणाकडे सोपवले. पहिलं कथन त्यांच्या आईचं होतं. मी ते टाईप करताना दोनदा थांबले होते, एवढं आठवतं. काय वाचून थांबले ते मात्र आठवत नव्हतं, आणि पुढे याच गोष्टीनं मला फार छळलं.

टायपिंग पुरं झालं तरी गुरुजी छापू देईनात. अमक्या गावचा एक म्हातारा राहिलाय म्हणायचे. तो झाला की आणखी एक. अशी वर्षं गेली. दरम्यान त्यांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, कारण सगळं माझ्याकडे सुखरूप होतं. आणि मी काय केलं होतं? तपासून झालेली प्रुफं रद्दीत घालायची ही आमच्या धंद्यातली रीत. मीही गुरुजींची प्रुफं रद्दीवाल्याला देऊन मोकळी झाले होते. फाईल आहे ना कॉम्प्युटरमध्ये, मग कागद कशाला सांभाळायचा? आपल्याच अकलेचं असं कौतुक करून घेतलं की नंतर तोंड लपवायला जागा पुरत नाही.

शेवटी एक दिवस गुरुजी आले आणि म्हणाले, आता छापून टाका, आता कोणी राहिलं नाही. मला सांगावं लागलं. चावी जळली, प्रुफं रद्दीत गेली, फाईल आहे पण उघडत नाही. ते रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते चहा पीत बसले. कप खाली ठेवला आणि त्या जुन्या डब्याकडे बघत म्हणाले, "मंग माय आतच राह्यली का, बाई?"

त्या रात्री मी जेवणाचं ताट तसंच बाजूला सरकवलं. सुनेनं विचारलं तेव्हा मी तिच्यावरच डाफरले, आणि मग सगळं सांगितलं.

माझी सून पुण्याकडची, इथे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिचं शुद्ध बोलणं ऐकून मी सुरुवातीला फार चिडवायची तिला. भाजी आणायला निघाली तरी बातम्या दिल्यासारखी बोलते म्हणायची. पण पोरगी चिवट. तिनं ती फाईल दोन दिवस नुसती पाहिली आणि म्हणाली की हा कचरा नाही, यात हिशेब आहे. एकच खूण त्याच त्या जागी परत येते. मग मला विचारलं, कोणत्या कळीला कोणतं अक्षर?

मला सांगता येईना! सारा जन्म टाईप करण्यात गेला आणि एक अक्षर तोंडानं सांगता येईना. ते सगळं बोटांत होतं. मग तिनं मला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं केलं. ती एकेक शब्द म्हणायची, मी रिकाम्या ओट्यावर बोटं चालवायची, आणि ती मोबाईलवर माझ्या बोटांचं शूटिंग करायची. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मी ओट्यावर 'कार्यक्रम', 'आमंत्रण' टाईप करत होते. शेजारीण डोकावली आणि काही न विचारता परत गेली.

एवढ्यानं दुसऱ्या चावीच्या फायली उघडल्या. पहिल्या चावीनं मात्र वरून आणखी एक गुंता केला होता. तो सुटला माझ्या अल्बमनं. पत्रिका छापणाऱ्या प्रत्येक दुकानात नमुन्यांचा अल्बम असतो. गिऱ्हाईक येतं, पानं उलटतं, 'अशी पाहिजे' म्हणून बोट ठेवतं. माझ्याकडे पहिल्या चावीपासूनची प्रत्येक पत्रिका त्यात चिकटवलेली होती. म्हणजे एकीकडे छापील मजकूर, दुसरीकडे त्याचीच कुलूपबंद फाईल. सुनेनं दोन्ही शेजारी ठेवून एकेक खूण जुळवत नेली. वर्ध्यातली किती लग्नं आम्ही त्या उन्हाळ्यात परत लावली, देवाला ठाऊक.

आणि गुरुजींचं पुस्तक उघडलं. पण पुरतं नाही. प्रत्येक कथनाची शेवटची ओळ मी हौसेनं तिरप्या अक्षरांत घातली होती. त्या तिरप्या अक्षरांची मांडणी वेगळी होती, आणि लग्नपत्रिकेत तिरपं अक्षर कोणी वापरत नाही. म्हणून प्रत्येक म्हाताऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत यायचं आणि ऐन शेवटी नुसते रिकामे चौकोन. गुरुजींना बोलावून आईचं पान दाखवलं. ते वाचत गेले, चौकोनांवर बोट ठेवून थांबले. शेवटी आई काय म्हणाली होती, ते त्यांनाही आठवेना. सुनेनं विचारलं, तेवढी ओळ सोडून छापायचं का?

"सगळ्याइचं शेवटचं बोलणंच नाई यात," ते म्हणाले. "असं पुस्तक मी नाई छापत."

तेव्हा सुनेनं ते सगळं इंटरनेटवर टाकलं. गुरुजींचं पुस्तक नव्हे, कुलूप उघडण्याचा प्रोग्राम. तोही ओपन सोर्स, म्हणजे त्यात काय लिहिलंय ते कोणीही बघावं, चूक दिसली तर सुधारावी, आणि घेऊन जावं. मी म्हटलं, एवढी मेहनत करून फुकट वाटते, डोकंबिकं फिरलं का तुझं? ती म्हणाली की आपल्याला तिरपी अक्षरं येत नाहीत, पण कोणाकडे तरी ती असतील, आणि आपण उघडं ठेवलं तरच तो माणूस आपल्यापर्यंत येईल. मी मनात म्हटलं, येतो कशाला कोणी. पण आठवड्याभरात आला. कुठल्याशा कोर्टाबाहेर बसणारा म्हातारा टायपिस्ट, साक्षीदारांचे जबाब तिरप्यात टाईप करायचा. त्यानं जुन्या छापील जबाबांशी ताडून सात अक्षरं धाडली. मग एका छापखान्यातल्या बाईंनी चार. रोज सकाळी आम्ही आईचं पान उघडायचो आणि चौकोन किती घटले ते बघायचो.

अर्धे चौकोन भरले होते, आणि नोटीस आली. ज्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर विकणं बंद केलं होतं, तिची. तुम्ही आमचं कुलूप तोडण्याचं हत्यार बनवून वाटता आहात, ते ताबडतोब काढा. शिवाय सरकारच्या नव्या नियमांचा मसुदा जोडला होता, भीती वाटावी म्हणून. मी तो चष्मा पुसून पुसून वाचला. चोरी करायला कुलूप फोडलं तर शिक्षा, हे मलाही मान्य. पण या मसुद्यात आतला माल कोणाचा हे विचारायचंच नव्हतं. उघडण्याचं साधन बनवलं, जवळ ठेवलं, कोणाला दिलं की गुन्हा, मग आत तुमचंच पत्र का असेना. आणि ज्यानं एक अक्षर सुधारून धाडलं, तो कोर्टाबाहेरचा म्हाताराही गुन्हेगार.

सुनेला नोकरीची भीती वाटली. तिनं प्रोग्राम काढून टाकला. मी तिला नाही नाही ते बोलले, भित्री म्हटलं, आणि ती रडली तेव्हा मला माझीच लाज वाटली. नोटीस तिच्या नावानं होती, माझ्या नव्हे. अक्षरं येणं बंद झालं. चौकोन होते तेवढेच राहिले. गुरुजींना फोन करायचं धाडस मला महिनाभर झालं नाही.

मग पेपरात वाचलं की मसुद्यावर हरकती ऐकायला समिती वर्ध्याला येतेय. कागद आणू नका, हरकत पेन ड्राईव्हवर आणा, पडद्यावर दाखवू, प्रत्येकाला पाच मिनिटं. मी सुनेला म्हटलं, तू बोलू नको, मी बोलते. आमचं दोन पानांचं हरकतपत्र मी स्वतः टाईप केलं. असं मुद्देसूद केलं की वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. सून कॉलेजला जाताना दोनदा म्हणाली होती, "आई, नव्या कॉम्प्युटरवर करा हं." मी हो हो म्हटलं.

सभागृह भरलं होतं. गुरुजी पहाटेच्या एसटीनं आले होते, पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. बाजूला कंपनीचा वकील, कडक इस्त्रीतला. समितीच्या अध्यक्ष एक मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या. माझा नंबर आला. पेन ड्राईव्ह लावला. भल्यामोठ्या पडद्यावर माझं हरकतपत्र आलं, आणि त्यात एक शब्द मराठी नव्हता. आकडे, टिंबं, परक्या मुलखातली अक्षरं, दोन पानं भरून.

मागून कोणी तरी हसलं. वकील म्हणाला, फाईल खराब आहे, पुढचं घ्या. सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला एका क्षणात कळलं. वीस वर्षांची सवय. माझी बोटं आपोआप जुन्या कॉम्प्युटरपाशी गेली होती, आणि चावी दुकानात खोचलेलीच राहिली होती. कुलपाविरुद्धचं पत्र मी कुलपात घालून आणलं होतं. कानशिलं तापली माझी. खाली बसावं आणि धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण समोर गुरुजी. ते पडद्याकडे बघत होते, त्यांनी ती अक्षरं लगेच ओळखली होती. त्यांचा चेहरा बघितला आणि लाजेच्या जागी मला असा संताप आला की विचारू नका.

"मॅडम, फाईल खराब नाही," मी म्हटलं. "ती कुलपात आहे. पत्र माझं, शब्द माझे, हरकतही माझी. फक्त कुलूप या साहेबांचं आहे."

मॅडमनी चष्मा काढला. इथे उघडता येईल का, त्यांनी विचारलं.

"येईल. माझ्या सुनेच्या लॅपटॉपवर साधन आहे. पण तुमच्या मसुद्याप्रमाणे तिनं ते चालवलं तर ती गुन्हेगार. आणि तुम्ही चालवायला सांगितलं, तर तुमचं काय ते तुम्हीच बघा."

सभागृह हसलं, पण या वेळी माझ्यावर नाही. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वकिलाला विचारलं की पडद्यावरचा मजकूर कोणाच्या मालकीचा. तो म्हणाला, मजकूर बाईंचा. मग बाईंनी स्वतःचा मजकूर वाचायला तुमची काही हरकत? तो कागद चाळू लागला. म्हणाला, ऑफिसला विचारावं लागेल. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "उघडा."

सून उठली. तिनं लॅपटॉप जोडला, एक बटण दाबलं, आणि त्या भल्यामोठ्या पडद्यावरची टिंबं गेली, आकडे गेले, आणि वरपासून खालपर्यंत माझी मराठी उमटली. पहिलंच वाक्य होतं: 'आपलं लिहिलेलं आपल्याला वाचता यावं, एवढीच आमची मागणी आहे.' मला ते वाचून दाखवायची गरजच पडली नाही. टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या. तिथे आमच्या धंद्यातली माणसं बसली होती, एकेकाच्या दुकानात असाच एकेक लोंबता डबा असलेली.

त्याहून भारी पुढेच झालं. कोपऱ्यात बसून कामकाज लिहून घेणारे कारकून उठले. बिचकत बिचकत म्हणाले की मॅडम, आपल्या कचेरीतही याच अक्षरातल्या सीड्यांचं एक कपाट भरलेलं आहे, आणि त्या सीड्या वाचायची चावी कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. मॅडमनी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं आणि त्यांच्याच हातानं कामकाजात लिहायला लावलं. वकिलानं पाण्याची बाटली संपवली. मी विजयानं अशी फुगले होते की खुर्चीवर परत बसायचं विसरले.

निकाल लगेच थोडाच लागतो. कित्येक महिने गेले. नुसत्या आमच्या टाळ्यांनी झालं असंही मी म्हणत नाही, ठिकठिकाणी लोक असेच भांडले होते. पण पक्के नियम आले तेव्हा त्यात साफ लिहिलं होतं की स्वतःचं किंवा हक्कानं जवळ असलेलं लिखाण उघडणं हा गुन्हा नाही, आणि त्यासाठीचं साधन बनवणं, सुधारणं, लोकांना मोकळं देणं हाही नाही. मी ते दोनदा मनात वाचलं, तिसऱ्यांदा दुकानात मोठ्यानं, झेरॉक्सला आलेल्या माणसांनाही ऐकावं लागलं. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं, नोटीस मागे घेतल्याचं. मी गल्लीभर गोरसपाक वाटला, आमच्या वर्ध्याची ती तुपातली बिस्किटं. कोणी विचारलं, नातू झाला का, तर म्हटलं, त्याहून मोठं काम केलंय सुनेनं.

सुनेनं प्रोग्राम परत इंटरनेटवर टाकला. कोर्टाबाहेरचा म्हातारा जणू वाटच बघत होता. त्यानं त्याच दिवशी उरलेली अक्षरं धाडली. चौकोन संपले. मी आईचं पान उघडून बघितलं नाही. सुनेलाही बघू दिलं नाही. तसंच छापलं, पालथं घातलं आणि गुरुजींना फोन केला, "गुरुजी, येजा."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी पान सुलटं करून त्यांच्या हातात दिलं. ते उभ्यानंच वाचायला लागले, वर्गात वाचायचे असतील तसं, मोठ्यानं.

"पांढरं लुगडं नोहतं माह्याजवळ. एक निळं होतं. ते धुण्याचा सोडा घालून तीनदा उकळलं. निळं गेलं, काठ काई गेला नाई. वर्ध्याच्या टेसनावर सारे पांढरे, अन् माह्याच काठ दिसे. मी पदर घट्ट धरून बसली. मले वाटे, तिथं गेल्यावर म्हणतीन, हे पांढरं नोहे, जाय वापस."

इथे ते थांबले. इथूनच पूर्वी चौकोन सुरू व्हायचे. सून माझा हात धरून उभी होती, आणि मी या ठिकाणीच टाईप करताना थांबले होते ते मला आत्ता आठवलं. गुरुजींनी चष्मा वर सरकवला आणि तिरपी ओळ वाचली.

"तिथं कोणीच कोणाले अडवत नोहतं. मी बी आत गेली."